महादूअण्णांची पाणथळ

पौडकडून मुळशीला जाणाऱ्या एसटीतून माले गाव मागे पडताना खाली भाताची खाचरं दिसायची आणि त्या खाचरांच्या टोकाला बरेचदा एक माणूस दिसायचा. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, डोक्याला मळकं मुंडासं, हात पाठीमागे बांधलेले. तो चालत असायचा म्हणे. मी 'म्हणे' म्हणतो, कारण गाडीतून बघणाऱ्याला तो उभाच वाटायचा. गाडी पुढे जाऊन, ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा होऊन परत यायची, तेव्हा हा माणूस फार तर चार हात सरकलेला असायचा. एका नव्या कंडक्टरने तर मला हळूच विचारलं होतं, की त्या बाबाला काही लागिरबिगिर झालंय का. मी म्हटलं, नाही हो, ते एका पानाबरोबर चाललेत.

खरंच पान असायचं. जांभळाचं वाळकं पान. महादूअण्णा ते आपल्या पाणथळीच्या वरच्या तोंडाला पाण्यात सोडायचे आणि ते लव्हाळ्यातून वळणं घेत खालच्या तोंडाने बाहेर पडेपर्यंत काठाकाठाने त्याच्याबरोबर चालायचे. पान अडकलं की अण्णाही थांबायचे. त्याला काडीने ढकलायचं नाही, फुंकर मारायची नाही. न्याहारीच्या वेळी सोडलेलं पान दिवस मावळायच्या आत बाहेर आलं तर अण्णा नाराज. "पळालं," एवढंच म्हणायचे, आणि कुदळ घेऊन बांधाला आणखी एक वळण द्यायचे. एकदा जेवायला जाताना त्यांनी पानापाशी मला बसवलं. मी सरकारी नोकर, हातात पत्रकांची पिशवी, आणि तासभर एका पानावर नजर ठेवून बसलो. ते एक वीतभर हललं. अण्णांनी परत आल्यावर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू ते मीच हलवलंय.

"पान्याला घाई नको, साहेब," हे त्यांचं पालुपद. ते पाण्यापुरतं ठेवलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण हा माणूस कशालाच घाई करू द्यायचा नाही. चहा झाला की कप समोर ठेवायचा आणि गाळ खाली बसेपर्यंत हात लावायचा नाही, मलाही लावू द्यायचा नाही. प्रश्न विचारला तर उत्तरही तसंच निवळत ठेवायचा. एकदा कुठल्याशा फॉर्मवर लिहायला मी त्यांचं वय विचारलं. अण्णांनी आढ्याकडे बघितलं. मी थांबलो, पुन्हा विचारलं, शेवटी वैतागून अंदाजाने पंचावन्न लिहिलं आणि सायकलवर टांग मारली. पुढच्या आठवड्यात मी ओसरीवर पाय ठेवतोय तोच अण्णा म्हणाले, "अठ्ठावन्न." मला आधी वाटलं, भाताची पोती सांगतायत.

असली माणसं मला सोसत नाहीत. माझा स्वभाव तिरसट आहे, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. मी तेव्हा शेतकी खात्यात नोकरीला होतो. मुळशी तालुक्यातली सात-आठ गावं माझ्याकडे होती आणि ती हिंडायला एक सायकल होती. सुधारित बियाणं, खत आणि किडीचं औषध ही पोथी मी गावोगाव वाचायचो. घराण्यातला पहिला पगारदार मीच, त्यामुळे छाती जरा जास्तच पुढे.

माल्यात माझं ऐकणारे पहिले शेतकरी महादूअण्णा. भाताला तुडतुडे पडले होते. पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप गावात प्रथम त्यांच्याकडे आला. औषध मिसळायचं कसं, वाऱ्याकडे पाठ ठेवून चालायचं कसं, सगळं मी त्यांना स्वतः दाखवलं. आणि शेवटी बजावलं, की अण्णा, हे अवजार आहे, काम झालं की स्वच्छ धुवून ठेवायचं. कुठे धुवायचं, ते मी बोललो नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे अवजारांची पूजा असते. नांगर, कुळव, विळे, कोयते सगळे ओढ्यावर जातात, घासूनपुसून लख्ख होतात आणि घरी आणून हळदकुंकू लावून मांडले जातात. त्या वर्षी अण्णांनी पंपालाही ओढ्यावर नेलं. नवं अवजार, त्याचा पहिलाच सण. तळाशी उरलेलं औषध त्यांनी ओढ्यात ओतलं, काथ्याने टाकी आतून-बाहेरून घासली, तीनदा खळबळली. मग घरी आणून त्याच्या दांड्याला झेंडूची माळ घातली. इतक्या मायेने पंप धुणारा माणूस मी पुढे उभ्या नोकरीत बघितला नाही.

दुपारपर्यंत ओढ्यात मासे पोट वर करून तरंगायला लागले. ओढ्याच्या खालच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी होती. सणाचे आयते मासे आले म्हणून तिथल्या पोरांनी ते गोळा केले आणि भाजून खाल्ले. संध्याकाळी तीन पोरं ओकायला लागली. त्यात भागीची नात होती.

भागी ही वाडीतली अण्णांच्याच वयाची बाई. लावणी-कापणीला त्यांच्याकडे यायची, पावसाळ्यात खेकडे आणून द्यायची, तांदूळ घेऊन जायची. अण्णांची बायको गेलेली, मुलगा भरे गावाकडच्या कारखान्यात लागलेला. ओसरीवर बसून अण्णांना हक्काने चार गोष्टी सुनावणारं माणूस जगात एवढं एकच उरलं होतं.

पोरं पौडच्या दवाखान्यात तीन दिवस होती. तिन्ही वाचली. ते तीन दिवस अण्णा दवाखान्यासमोरच्या झाडाखाली उभे होते. आत गेले नाहीत. भागी बाहेर आली की खोडामागे व्हायचे. चौथ्या दिवशी पोरं आपल्या पायांनी घरी निघालेली त्यांनी बघितली, आणि मग ते चालत माल्याला आले.

त्या दिवसापासून वाडीच्या बायका ओढ्यावर पाणी भरायला येईनाशा झाल्या. हंडा बुडेल अशी डोहाची जागा एकच, ती अण्णांच्या खाचरांच्या खाली, आणि तिथे जायची वाट अण्णांच्या दारावरून. ती सोडून त्या डोंगरातल्या झऱ्यावर जायला लागल्या. जाऊन येऊन अर्धी सकाळ संपायची. आणि भागी अण्णांच्या ओसरीवर आली नाही ती नाहीच.

मी गेलो तेव्हा अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला. "साहेब, पंप म्यां एकदाच धुतला. पर फवारल्यावर पाऊस पडतुया, तवा वावरातलं पानी कुटं जातंय?"

मी म्हटलं, ओढ्यात. दुसरं काय सांगणार? त्या दिवशी आमच्या दोघांचाही चहा तसाच राहिला.

अण्णांनी एकट्याने फवारणी सोडून भागणार नव्हतं. माझ्याच पत्रकांच्या कृपेने आता वरची सगळी खाचरं फवारली जात होती, आणि त्या सगळ्यांचं पाणी उतरत उतरत अण्णांच्याच बांधावरून ओढ्याला मिळायचं. मग हा माणूस महिनाभर शिवारातले ओहोळ हिंडला. खाली वाकून दगड उलटायचा, बघायचा, पुढे जायचा. पलीकडच्या अंगाला त्याला एक जागा सापडली. तिथेही फवारणी झालेली होती, पण पाणी लव्हाळ्याच्या दलदलीतून रेंगाळत यायचं, आणि दलदलीच्या खालच्या बाजूला खेकडे जिवंत होते. अण्णा परत आले आणि त्यांनी आपली सगळ्यात खालची दोन खाचरं मोडली.

मोडली म्हणजे काय, ते भात पिकवणाऱ्यालाच कळेल. आंबेमोहोराची खाचरं होती ती, फुलोऱ्यात आली की रस्त्यापर्यंत वास यायचा. त्यात अण्णांनी नागमोडी बांध घातले, पाणी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत राहावं म्हणून. वरून आणून लव्हाळा लावला, पाणकणीस लावलं, कडेने वाळा, मध्ये कर्दळ. म्हणजे लोक जे उपटून फेकतात ते ह्यांनी मुद्दाम लावलं. मुलगा सुट्टीला आला, बघून कपाळाला हात लावून परत गेला. मी माझ्या अहवालात त्या दोन खाचरांपुढे 'पडीक' असं लिहिलं. मलाही ते वेडच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मुळशीचा पाऊस म्हणजे थट्टा नाही. पहिल्याच आषाढात सगळे नागमोडी बांध वाहून गेले. अण्णा दोन दिवस नुसते बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी बाजूने एक चर खणायला घेतला. पुराचा लोंढा चरातून परभारे जावा आणि फवारणीनंतरच्या रिपरिपीत वावरातून निघणारं पाणी तेवढं आत यावं, अशी सोय. गावाने त्या जागेचं नाव 'पाण्याचा दवाखाना' ठेवलं. येता-जाता लोक विचारायचे, काय अण्णा, पेशंट कसा हाय? अण्णांना थट्टा कळायची नाही की कळून घ्यायची नसायची, कोण जाणे. ते गंभीरपणे सांगायचे, "बसलाय. आज जरा बरा हाय."

घाई न करणारा हा माणूस मी पळताना मात्र बघितलाय. एकदा कुणाची तरी म्हैस पाणथळीत शिरली आणि पाणकणसावर तुटून पडली. अण्णा ओसरीवरून उठले ते धोतर सावरत असे सुटले, की मी सायकल घेऊनही मागे राहिलो. म्हैस बाहेर काढली आणि तिच्या मालकाला त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा सारांश असा, की हे गवत चारा नव्हे, हे सगळ्या गावाचं औषध पिऊन बसलंय, आणि हे खाऊन जनावर मेलं तर काय करायचं. थंडीत कापलेलं गवतसुद्धा ते गोठ्याकडे जाऊ द्यायचे नाहीत. लांब माळावर ढीग घालायचे आणि भोवती काटे लावायचे.

पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या एका प्रशिक्षणात पाहुण्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. शेताच्या खाली माणसाने केलेली पाणथळ, त्यातली मुळं, मुळांवरचे जंतू, चिखल, ऊन, आणि पाणी जितका वेळ आत रेंगाळेल तितकं त्यातलं औषध उतरतं, असं सगळं समजावून सांगितलं. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी मागच्या बाकावर हात बांधून बसलो होतो. मी त्या विद्येत तासभर पान राखून आलो होतो.

आता माझ्या मनातल्या एका अढीबद्दल सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

अण्णांच्या ओसरीवर एक मोठा माठ होता. मी गेलो की त्यातलं पाणी पितळी तांब्यातून मला मिळायचं. अण्णा मात्र त्या माठाला तोंड लावायचे नाहीत. आत दाराआड कोपऱ्यात एक लहान मडकं होतं, त्यावर जर्मनचा पेला उपडा. तहान लागली की ते आत जाऊन त्यातलं पाणी पिऊन यायचे. हे माझ्या लक्षात आलं आणि टोचलं. मी नेरे गावचा, बौद्ध. नाव, आडनाव, गाव एवढं सांगितलं की आपल्याकडे पुढचं सांगावं लागत नाही. माझ्या वडिलांनी विहिरीपासून लांब उभं राहून ओंजळीत पाणी घेतलेलं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. तेव्हा मी हिशेब केला, की ज्या माठातलं आपण प्यायलो त्यातलं ह्यांना चालत नाही. बाहेर साहेब साहेब, आणि आत मडकं वेगळं. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं कशाला, असले प्रश्न काय विचारायचे असतात? पण चार वर्षं त्या माठातलं पाणी पिताना प्रत्येक वेळी मी त्यांना मनातल्या मनात चांगल्या शेलक्या शिव्या दिल्या.

एवढं असून मी जायचा थांबलो नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. कदाचित वाडीच्या बायकांमुळे असेल. त्या रिकामे हंडे घेऊन डोंगराकडे निघालेल्या दिसल्या, की अण्णा लव्हाळ्यात खाली वाकून काहीतरी उपटायला लागायचे. उपटण्यासारखं तिथे काही नसायचं. त्या दिसेनाशा झाल्या की मगच कंबर सरळ करायचे. एकदा मी म्हटलं, अण्णा, पाणथळीच्या खाली मासे दिसायला लागलेत, आता त्यांना सांगा की ओढ्याचं पाणी भरा म्हणून. उत्तर अर्थातच पुढच्या आठवड्यात आलं. "अजून न्हाई," म्हणाले.

चौथ्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मी भर उन्हात सायकल मारत आलो. घशाला कोरड पडलेली. अण्णा घरात नव्हते. ओसरीवर माठ होता, तांब्या होता. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी सरळ आत गेलो, दाराआडचं मडकं उघडलं, जर्मनचा पेला बुडवला आणि तोंडाला लावला. पाण्याला वाळ्याचा वास होता आणि मागून चिखलाची चव. एक घोट घेतला असेन नसेन, तोच अण्णा दारात आले. मला बघितलं आणि तो माणूस अक्षरशः झेपावला. पेला माझ्या हातातून उडाला आणि भिंतीवर आपटला.

मी म्हटलं, "काय अण्णा, बाटलं का मडकं?"

मला वाटलं, आता उत्तर पुढच्या आठवड्यात. पण अण्णा लगेच बोलले.

"साहेब, तुमची पोरं ल्हान हायत."

मला कळेना. मग त्यांनी खाली बसून सांगितलं. मडक्यातलं पाणी विहिरीचं नव्हतं. ते पाणथळीच्या खालच्या तोंडाचं होतं. चार पावसाळे, ओहोळ वाहतोय तोवर, ते रोज तेच पाणी पीत आले होते, फवारणीच्या दिवसांतसुद्धा. कुणाच्या पोटात चुकून जाऊ नये म्हणून ते दाराआड लपवून ठेवलं होतं. माठात विहिरीचं पाणी होतं. ते पाहुण्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठी.

"मासा जगला म्हून मानूस जगंल, असं न्हाई," ते म्हणाले. "आदी माज्या पोटात जाऊ द्या. काय व्हायचं ते मला हुईल. मंग भागीला सांगीन, पोरांना पाज म्हून."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. औषध मी आणलं, पंप मी शिकवला, कुठे धुवायचं ते मी सांगितलं नाही, आणि चार वर्षं पाणी हा माणूस पितोय. आणि मी त्याला शिव्या घालतोय. मला रडू आलं, चांगलं मोठ्याने आलं. अण्णा गोंधळून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले, तसं ते आणखीनच आलं. मग मी उठलो, सायकल घेतली आणि वाडीवर गेलो.

भागी झोपडीपुढे बांबूची टोपली विणत होती. मी तिला सगळं सांगितलं. मडकं, पेला, चार पावसाळे. ती विणता विणता ऐकत होती. मधेच तिचे हात थांबले. मी बोलायचा थांबल्यावर ती उठली, आतून तांब्याचा हंडा घेतला, काखेला लावला आणि ओढ्याकडे चालायला लागली. मी सायकल ढकलत मागे.

अण्णा पाणथळीत होते. त्यांनी भागीला येताना बघितलं आणि सवयीने खाली वाकले.

"अन्ना, वर बघ," भागी काठावरून म्हणाली.

अण्णा वाकलेलेच.

"चार साल वाकलायस. पाठ दुखत न्हाई व्हय?"

तेव्हा ते हळूहळू सरळ झाले. गुडघाभर चिखलात उभे, हातात उपटलेला लव्हाळा. त्यांनी मान खाली ठेवूनच सांगितलं, की ह्यो पावसाळा सरला की सांगनारच व्हतो, पानी आता बरं हाय, म्यां पिऊन बघितलंय.

"पानी निवळलं ते आमाला दोन सालापासनं ठावं हाय," भागी म्हणाली. "खेकडं परत आलं. आमी धरून खातोय."

अण्णांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "मंग हंडा भराया का न्हाई आला?"

"वाट तुज्या दारावरनं हाय. आमी दिसलो की तू त्वांड लपवतोस. आमाला वाटलं, तुला आमी नको झालो."

अण्णांनी हातातला लव्हाळा खाली टाकला. मग अण्णा म्हणाले, "चूक झाली माजी, भागे. पोरं मेली असती."

"झाली," ती म्हणाली. "त्या टायमाला येऊन एवढंच बोलायचं व्हतंस."

ती डोहावर उतरली. हंडा खळबळला, काठोकाठ भरला आणि दगडावर ठेवला. पदराची चुंबळ केली, डोक्यावर बसवली, आणि आपल्या गावाकडे बाई ज्या माणसाला आपलं समजते त्यालाच जे सांगते, ते म्हणाली.

"हात लाव, अन्ना."

अण्णा चिखलातून बाहेर आले. धोतराला हात पुसले, पुन्हा एकदा पुसले. मग वाकून त्यांनी हंडा उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. ठेवताना थोडं पाणी हिंदकळलं आणि त्यांच्या तोंडावर सांडलं. ते त्यांनी पुसलं नाही.